मामांच्या अकरा वह्या: मासेमारीच्या जुन्या नोंदी नकाशावर कशा आणायच्या

हर्णैला मामांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत अकरा वह्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, दुकानदार खतावणीला वापरतात तसल्या. पहिल्या वहीवर शके १९००, म्हणजे १९७८-७९. शेवटची २००९ची. मामा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, आणि खलाशांचा वाटा काढताना भांडण नको म्हणून रोज लिहून ठेवायचे. मी तेव्हा रत्नागिरीला एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी, करत होते. वह्या बघून मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. तीस वर्षांचा डेटा, तोही घरचा! महिनाभरात मी त्याचा नकाशा केला आणि तो साफ चुकला. तुमच्या हाती अशी एखादी वही, सोसायटीचं रजिस्टर किंवा जुना सरकारी अहवाल आला, तर पुढचं वाचून मग संगणक उघडा.

आधी वही कशासाठी लिहिली होती ते शोधा. मामांची वही पैशांची होती, माशांची नव्हे. लिलावात गेलेली मासळी तीत आहे. घरी कालवणाला आणलेली, खलाशांनी नेलेली, वाळत घातलेली नाही. बोंबील ‘पाट्या’त (टोपल्यांत) आहेत, पापलेट नगांत, आणि स्वस्त ढोमा-मांदेली बऱ्याचदा नुसती ‘इतर’. सगळं किलोत आणायचा मोह होतो. त्याआधी पाटी मोजा. मी मामींकडून जुनी पाटी मागून घेतली, बाजारातून ओले बोंबील आणून ती भरली आणि तीनदा वजन केलं. तीन वेळा तीन आकडे आले. तो फरकसुद्धा लिहून ठेवायचा, कारण पुढे तीच तुमची चूक-मर्यादा असते.

छापील जुन्या अहवालांत ‘मण’ दिसला की थांबा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे साधारण १२.७ किलो, रेल्वे वापरायची तो बंगाली मण ३७.३ किलोंचा. कुठला मण हे न बघता बेरीज केलीत तर मासा तिप्पट होतो किंवा एक तृतीयांश. ओलं की सुकं हेही बघा. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे सुक्या बोंबलाचा आकडा ओल्याशेजारी ठेवणं म्हणजे करवंटीची तुलना शहाळ्याशी करणं.

तारखांचा घोळ मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. मामा पहिल्या काही वह्यांत तिथी लिहितात: ‘भाद्रपद वद्य ५’. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलेलं. पौषाच्या सुमारास ७९ होतात, हे मी विसरले होते. पण खरी गंमत अधिक महिन्याची. मामांचा हंगाम नारळी पौर्णिमेला सुरू व्हायचा, आणि ती पौर्णिमा स्थिर नाही: २०२२ला ११ ऑगस्टला होती, २०२३ला अधिक श्रावण आल्यामुळे थेट ३० ऑगस्टला. शके १९०७ला, म्हणजे १९८५लाही अधिक श्रावण होता. माझ्या आलेखात त्या वर्षीचा ऑगस्ट रिकामा दिसला आणि मी समासात लिहिलं, ‘मासळीत घट?’ मासळी जागेवरच होती. होड्या किनाऱ्यावर होत्या. आता मी महिन्यांऐवजी ‘नारळी पौर्णिमेपासून कितवा दिवस’ असा रकाना करते. अलीकडच्या वर्षांसाठी १ जून ते ३१ जुलै ही बंदीही लक्षात घ्यावी लागते. त्या दिवसांपुढे शून्य लिहू नका, जागा मोकळी सोडा. शून्य म्हणजे गेलो आणि मिळालं नाही. मोकळं म्हणजे गेलोच नाही.

तिथी मात्र फेकून देऊ नका. डोल जाळं ओढायचं नसतं. ते प्रवाहात बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणी मासा आत आणतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याला जोर, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी सुस्त. म्हणजे तिथी हीच प्रवाहाची नोंद, आणि मामांनी ती फुकट करून ठेवली होती. इंग्रजी तारीख घालून मूळ तिथी पुसली असती तर मी हातचं घालवलं असतं.

आता जागा. जुन्या वह्यांत अक्षांश-रेखांश नाहीत. ‘बुरूज-दीपगृह, ११ वाव’ असं आहे. सुवर्णदुर्गाचा अमुक बुरूज मागच्या डोंगराच्या अमुक सोंडेवर आला ही एक रेष; कनकदुर्गाचं दीपगृह दुसऱ्या खुणेवर आलं ही दुसरी. दोन्ही छेदतात तिथे जाळं. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये हे तसंच्या तसं करता येतं, आणि तो फुकट आहे. उपग्रहचित्रावर चारही खुणा टिपा, रेषा समुद्रात लांबवा, छेदबिंदू घ्या. रेषा काटकोनाच्या जवळपास छेदत असतील तर बिंदूवर विश्वास ठेवा. पंधरा-वीस अंशांत छेदत असतील तर बिंदू न काढता लांबट लंबवर्तुळ काढा, कारण नजरेची जराशी चूकसुद्धा तिथे खूप लांब सरकते. खोली ही तुमची साक्षीदार. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं माप, पुस्तकात सहा फूट. मामांचे हात मोजले तर पाच फूट सात इंच भरले. ११ वाव म्हणजे त्यांच्या हिशेबाने १९ मीटरांच्या आसपास. छेदबिंदूवर नाविक नकाशा काय खोली दाखवतो ते बघा, भरती-ओहोटीसाठी दोन-तीन मीटरांची सूट द्या. जुळलं नाही तर खूण चुकली आहे.

हाच साक्षीदार मी नंतरच्या वह्यांना लावला नाही आणि तोंडावर पडले. मामांनी जीपीएस घेतल्यावर आकडे आले: १७°४८', ७२°५८'. मी तक्त्यात १७.४८ आणि ७२.५८ भरलं. अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नव्हे. बरोबर आकडे १७.८० आणि ७२.९७. माझे ठिपके हर्णैसमोरून उडून गुहागरच्या अक्षांशावर, खोल समुद्रात जाऊन पडले. पन्नासहून जास्त किलोमीटरांची उडी. मी काय निष्कर्ष काढला असेल? ‘जीपीएस आल्यावर मच्छीमार दूर जाऊ लागले.’ कसा छान बसत होता! सेमिनारमध्ये मांडलासुद्धा. वहीत त्याच ओळीत ११ वाव लिहिलं होतं आणि नकाशावर तिथे त्याच्या दुपटीहून जास्त पाणी होतं, बघितलं कुणी? (सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांत अजून एक बारीक खोच असते: पृथ्वीच्या आकाराचं त्यांचं गणित ‘एव्हरेस्ट’ नावाचं, जीपीएसचं ‘डब्ल्यूजीएस ८४’ नावाचं, त्यामुळे ठिपका शंभरेक मीटर हलतो. आपल्या कामाला तेवढं चालतं.)

ठिपके बरोबर पडले तरी ‘किती मासा’ हा प्रश्न ‘किती खटपटीत’ याच्याशिवाय निरर्थक आहे. फेरीमागे मासळी मोजली तर मामांची वीस वर्षं जवळपास सपाट दिसतात. पण १९७९ची फेरी दिवसभराची आणि २००५ची चार दिवसांची. इंजिन मोठं, बर्फ जास्त, शिवाय मासा शोधणारं यंत्र, फिशफाइंडर. मग मला डिझेलचा रकाना दिसला. मामांनी तो रुपयांत लिहिला होता, म्हणून प्रत्येक वर्षाच्या दराने भागून लिटर काढले. लिटरमागे किलो मांडल्यावर सपाट रेष घसरू लागली. कुठल्याही हिशेबाच्या वहीत इंधन, बर्फ आणि खलाशी हे तीन खर्च शोधा. मेहनतीची नोंद बहुतेक तिथेच लपलेली असते.

वही एका बोटीची. तिला ताडून बघायला सरकारी आकडे लागतात, पण ते काय मोजतात हे समजून घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, स्थापना १९४७, रोज सगळी बंदरं मोजत नाही. निवडक बंदरांवर निवडक दिवशी नमुना घेऊन अंदाज वाढवते. राज्याच्या एकूण बोंबलासाठी तो ठीक. एका तालुक्याच्या घोळ माशासाठी त्यावर पैज लावू नका. राज्य मत्स्य विभागाचे आकडे वेगळ्या पद्धतीचे. दोन्ही मालिका एकापुढे एक चिकटवल्या तर सांध्यावर जो खड्डा दिसेल तो समुद्रातला नसेल. आणि हे सगळे आकडे मासळी उतरली कुठे ते सांगतात. धरली कुठे, ते नाही. हर्णैच्या वाळूवर लिलाव झालेला मासा हर्णैसमोरचाच असेल असं समजू नका.

नावांचं एक वेगळं खातं ठेवा. मामांची सुरमई दक्षिणेकडे इसवण होते. सरंगा म्हटल्यावर एका बंदरावर मला पापलेट दाखवलं, दुसऱ्यावर हलवा. शास्त्रीय नावंही स्थिर नाहीत; आपलं पापलेट वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस होतं, आता त्याला पॅम्पस कँडिडस म्हणतात. मूळ शब्द एका रकान्यात, तुमचा अर्थ दुसऱ्यात. मूळ कधीही बदलायचा नाही.

उपग्रहांबद्दल थोडक्यात. पाण्याचं तापमान १९८१च्या अखेरीपासून रोजचं मिळतं, पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य १९९७पासून; म्हणजे मामांच्या पहिल्या वह्यांना आकाशातून साक्षीदार नाही. खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्याला उपग्रह हरितद्रव्य समजून बसतो. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसतच नाही. बोटींचे माग दाखवणारे जागतिक नकाशे एआयएसवर, म्हणजे बोटीची जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रावर चालतात, आणि लहान होडीवर ते यंत्र नसतं. तिथे समुद्र रिकामा दिसला तरी तो रिकामा नसतो.

शेवटी चौकटी, म्हणजे नोंदी बसवायला नकाशाचे पाडलेले चौरस. मी ०.१ अंशाच्या, सुमारे ११ किलोमीटरांच्या घेतल्या. खुणांवरून काढलेल्या जागा याहून बारीक सांगण्याच्या लायकीच्या नव्हत्या. दुसरंही कारण होतं. नेमकी जागा म्हणजे तांडेलाची पुंजी. ती प्रबंधात छापून सगळ्या कोकणाला वाटायचा मला अधिकार नव्हता. मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “चौकट छाप. दगड छापू नको.”

दुरुस्त नकाशा छापून मी हर्णैला गेले. मामांनी चष्मा चढवला, बोट फिरवत फिरवत एका पांढऱ्या चौकटीवर आणलं. १९९०नंतर तिथे एकही नोंद नव्हती. मी तिथला मासा संपला असं धरलं होतं.

“अगो, हय मासो होतो. पण ट्रॉलर येऊक लागले, दोनदा जाळी फाडून नेली. मग कोण जातंय?”

दुसऱ्या दिवशी तक्त्यात मी एक रकाना वाढवला: ‘का गेलो नाही’. बाकीच्या पांढऱ्या चौकटींसाठी मामांना शेजारच्या दोन म्हाताऱ्या तांडेलांना बोलवायला सांगितलं. ते चहाच्या वेळेला आले आणि रात्री नऊपर्यंत उठले नाहीत.