आधी पंचांग, मग कॅमेरा

रत्नागिरीत माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी एक ते चार बंद, मग रात्री नऊपर्यंत उघडं. म्हणजे सूर्य बुडतो तेव्हा मी नेमकी गल्ल्यावर. महिन्यातून दोन, फार तर तीन संध्याकाळी भाऊजी दुकानात बसतात, तेवढ्याच मला समुद्रावर फोटो काढायला मिळतात. पहिलं वर्षभर त्याही फुकट गेल्या. धावतपळत भाट्याच्या किनाऱ्यावर पोचावं तर पाणी पार सुरूच्या बनाजवळ आलेलं, आणि फोटो काय, तर गढूळ लाटा आणि वडापावचे कागद.

राजिवड्याचे एक चाचा रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. उभा जन्म होडीवर गेलेला. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "भाभी, वार कसला बघता? चांद बघा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते."

तर ती पाऊणपट अशी. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी मोबाईलवर भरतीचं कोष्टक ताडून घ्या. पण महिन्याचा बेत आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता हे फोटोत कसं उतरतं ते बघा. पौर्णिमा, अमावास्या आणि पुढचे एक-दोन दिवस ओहोटी बरोबर साडेपाच ते सातच्या दरम्यान येते, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर मागे हटतं, ओल्या वाळूचा आरसा होतो, एरवी न दिसणारे खडक वर येतात. माझ्या दोन संध्याकाळी मी याच दिवसांत मागून घेते. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पण तीही सूर्यास्तालाच. तेव्हा वाळूवर करण्यासारखं फारसं नसतं. त्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यावर उंचावर थांबा नाहीतर रत्नदुर्गावर जा.

सकाळ वेगळी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून. सूर्य सह्याद्रीमागून, आपल्या पाठीवर येतो. समुद्रावर रंगांची उधळण नसते, पण होड्यांचे रंग, जाळी, मासळी उतरवणारी माणसं यांच्यावर सुरेख ऊन पडतं. माणसांचे फोटो मात्र विचारून काढा. पहाटे तीनला उठलेल्या माणसाच्या तोंडासमोर भिंग धरू नये.

रत्नागिरीकरांना एक धडा घरबसल्या मिळतो. मांडवीच्या किनाऱ्याची वाळू काळी आणि पलीकडे 'पांढरा समुद्र' नावाचा पांढऱ्या वाळूचा किनारा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. काळी वाळू दिसली की तो उजेड वाढवतो. वाळू राखेसारखी दिसते आणि मावळतीचा केशरी रंग उडून पांढरा होतो. म्हणून मांडवीला एक्स्पोजर, म्हणजे फोटोतल्या उजेडाची मात्रा, उणे एकवर न्या. पांढऱ्या समुद्रावर उलट, अधिक अर्धा ते एक. मोबाईलवर स्क्रीनला बोट लावून सूर्याचं चिन्ह खाली-वर सरकवलं की हेच काम होतं. एकाच संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन बघा, डोक्यात पक्कं बसेल.

परतणाऱ्या लाटेच्या पांढऱ्या रेघा हव्या असतील तर ट्रायपॉड लागतोच. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाच्या छिद्राचं माप) ११, शटर अर्धा सेकंद उघडं, आणि लाट येताना नाही, मागे फिरली की बटण दाबायचं. ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून रुतवा. मी ते केलं नव्हतं. पायाखालची वाळू लाटेनं नेली आणि माझा सेकंडहँड कॅमेरा हळूच नमस्काराला वाकला. पट्टा गळ्यात होता म्हणून वाचला.

पण माझा सगळ्यात आवडता फोटो समुद्राचा नाहीच. ओहोटीच्या वाळूवर बारक्या कुर्ल्या वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून मागे टाकत जातात. बिळाभोवती किरणांसारख्या रांगा होतात, जणू कोणी ठिपक्यांची रांगोळी घातलीय. उभ्यानं वरून काढाल तर नुसता डाग दिसतो. मोबाईल उलटा धरा, म्हणजे भिंग खाली वाळूपाशी येतं, आणि सूर्य बाजूला किंवा समोर ठेवा. मग प्रत्येक गोळीची स्वतंत्र सावली पडते. पाऊल वाजलं की कुर्ली आत. तिथेच उकिडवं बसायचं, तीन-चार मिनिटं अजिबात हलायचं नाही. आधी नांगी दिसते, मग डोळे. पहिल्या हालचालीला फोटो काढायचा मोह आवरा. ती दोनदा खाऊन धीट झाली की भरपूर वेळ देते. गुडघे दुखतात, ते औषधवाली म्हणून मी सांगायला नको.

आडव्या उन्हाचा हा नियम सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावरही चालतो. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून पाहुणे आले की "ते दाखव ना" म्हणतात आणि जेवून भर दुपारी निघतात. उक्षी गावच्या कातळावर कोरलेला हत्ती दुपारी बाराला बघाल तर कातळावर नुसत्या ओरखड्यांचा भास. सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर गेलात तर कोरीव रेषा सावलीनं भरतात आणि हत्ती उठून दिसतो. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फिरवणारे महाभाग मी पाहिलेत. कृपा करून नको.

खडकांबद्दल थोडं. जिथपर्यंत खडक ओला आणि काळा आहे तिथपर्यंत समुद्राची हद्द. हिरवं शेवाळ दिसलं तर पाय ठेवू नका. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, अनवाणी जाऊ नका. आणि उधाणाची ओहोटी जितकी लांब जाते तितकीच भरती जोरात आत येते. पाठ समुद्राकडे करून स्क्रीन बघत बसू नका.

घरी आल्यावर भिंग कोरड्या रुमालानं पुसायचं नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर बारीक वाळू बसलेली असते, ती घासली जाते. आधी रबरी फुंकणीनं उडवा, मग भिंगाच्या मऊ कापडाचं टोक किंचित ओलं करून खार टिपून घ्या. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्यानं धुवा.

आणि पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या कापडी पिशवीत, कपाटात ठेवू नका. माझ्या पहिल्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली आणि साफ करायचे पैसे नव्या भिंगाएवढे सांगितले. आता मी पापडाच्या हवाबंद डब्यात ठेवते, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या. गोळ्यांच्या मोठ्या बाटल्यांतून त्या निघतात, मी जमवते. ओळखीच्या औषधवाल्याकडे मागून बघा, एरवी त्या कचऱ्यातच जातात.