गावकीचे नियम लिहून कसे काढायचे, बालीकडे बघून

शिमगा जवळ आला की आमच्या रत्नागिरी साईडला देवळात बैठका सुरू होतात आणि दरवर्षी भांडण तेच, पालखी आधी कुठल्या वाडीत आणि ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्या दारात न्यायची की नाही. नियम सगळे तोंडी, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. म्हणून म्हणतो लिहून काढा. बालीत हे कसं करतात ते मला फार पटलंय.

इंडोनेशिया मुसलमान बहुसंख्य देश पण बाली बेटावर ८० टक्क्यांच्या वर लोक हिंदू. तिथे सरकारी गाव वेगळं, त्याला देसा दिनास म्हणतात, दाखले नोंदणी ते बघतं, आणि देवळं, सण, स्मशान बघणारं देसा आदत वेगळं, म्हणजे आपली गावकीच की. तिचे नियम म्हणजे अविग-अविग, पूर्वी ताडपत्रावर लिहायचे. २०१९ च्या प्रांतिक कायद्यात देसा आदतचे अधिकारही नीट नोंदवलेत.

तर पहिलं काम, वहीत दोन पानं करा. एका पानावर पाणी, रस्ता, घरपट्टी, दाखले, हे ग्रामसभेचं, तिथे मानकरी असो नाहीतर काल मतदार झालेला पोरगा, मत एकच. दुसऱ्यावर देऊळ, पालखी, सहाण (पालखी बसते ती जागा), वर्गणी. वर्गणी थकली म्हणून नळ नाहीतर दाखला अडवायचा नाही, हे ठळक लिहा.

मग गावकर, म्हणजे गावकीचा सभासद, कोण ते ठरवा, इथेच खरी गोची आहे. बालीत तीन प्रकार आहेत, गावात नोंद असलेला बाली हिंदू तो क्रामा देसा आदत, नोंद नसलेला बाली हिंदू तो क्रामा तामिउ आणि बाकी राहणारे सगळे तामिउ. आपल्याकडे गावात राहणारे, मुंबईचे चाकरमानी आणि बाहेरून येऊन घर बांधलेले. चाकरमानी वर्गणी सगळ्यात जास्त देतात पण बैठकीला नसतात, मग त्यांना मत कसं द्यायचं, फोनवर चालेल का, हे आत्ताच लिहा. लग्न झालं की नवराबायको दोघांची नावं यादीत घाला, बालीत वाडीला बंजार म्हणतात आणि तिथे लग्नानंतर जोडपं म्हणूनच सभासद होतात.

मोहल्ल्याचं पण लिहा. बालीत पेगायामान नावाचं मुसलमान गाव आहे, तिथल्या लोकांच्या नावात वायानसारखी बाली नावं असतात, भाषा पण बालीच. आपल्या मोहल्ल्यातली माणसं आपलीच बोली बोलतात, देवळाच्या गावकीत ती नाहीत पण ग्रामसभेत बरोबरीची आहेत, त्यांच्यावर वर्गणीची सक्ती नको.

एक गोष्ट मात्र बालीची अजिबात घेऊ नका. तिथे नियम मोडणाऱ्याला केसेपेकांग करतात, म्हणजे सरळ वाळीत टाकणं. आमच्या गावात एका घराशी असं झालं होतं, त्यांच्याकडे मयत झालं तेव्हा खांदा द्यायला चारजण मिळेनात, मी ते विसरू शकत नाही. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. दंड ठेवायचाच तर देवळाच्या अंगणाची साफसफाई, मांडवाचं काम असला ठेवा.

कच्चा मसुदा वाडीवाडीत वाचून दाखवा, बायका घरी असतील अशा वेळी. सह्या झाल्या की एक प्रत देवळात, एक चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाकडे, आणि हे सगळं फाकपंचमीच्या, म्हणजे शिमगा सुरू होतो त्या फाल्गुन शुद्ध पंचमीच्या आधी उरका, पालखी बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही.