लिनक्सवर ग्राफमधली गणिताची चिन्हं बिघडली तर कुठून शोधायचं

ग्राफ मस्त आला पण अक्षावर थीटाच्या जागी रिकामा चौकोन, किंवा नुसतं एच-ई-टी-ए. असं झालं की बरेच जण पहिलं काम काय करतात, तर टेक-लाइव्हचं (लिनक्सवर लेटेक, म्हणजे गणित छापायची प्रणाली, ज्यातून येते तो संच) फुल पॅकेज इन्स्टॉल करायला लावतात. काही जीबी खाली उतरतात आणि चौकोन तिथेच. घाई करू नका. बिघाड तीनच ठिकाणी असतो, तुम्ही कोडमध्ये लिहिलेल्या स्ट्रिंगमध्ये (कोट्समधल्या मजकुरात), ती वाचून अर्थ लावणाऱ्या पार्सरमध्ये नाहीतर फॉन्टमध्ये, आणि त्याच क्रमाने बघायचं.

आधी स्ट्रिंग. मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. साध्या कोट्समध्ये बॅकस्लॅश-थीटा लिहिलं की पायथन \ आणि टी मिळून टॅब समजतो आणि उरतं एच-ई-टी-ए. बीटामधला बी बॅकस्पेस होतो, रोमधला आर कॅरेज रिटर्न, आणि न्यू लिहिलात तर एनमुळे चक्क नवी ओळ सुरू होते, म्हणून $ च्या खुणा जशाच्या तशा छापल्या जातात आणि यू बिचारा खालच्या ओळीत. गंमत म्हणजे म्यू, सिग्मा, लॅम्डा मात्र बरोबर येतात, त्यामुळे माणूस फॉन्टलाच शिव्या देत बसतो. उपाय एका अक्षराचा, कोट्सच्या आधी आर लावा. एफ-स्ट्रिंग असेल तर आरएफ लावा आणि गणितातले महिरपी कंस दुप्पट करा, नाहीतर पायथन त्यांच्या आत व्हेरिएबल शोधत बसतो.

आता पार्सर. मॅटप्लॉटलिब डॉलरमधलं गणित वाचतं ते स्वतःच्या मॅथटेक्स्टने, त्याला लेटेक लागत नाही. पण मॅथटेक्स्ट म्हणजे पूर्ण लेटेक नव्हे, बिगिन-एंडवाली मॅट्रिक्स वगैरे दिली की एररच येणार. तेवढ्यासाठी टेक्स्ट डॉट यूजटेक ही सेटिंग ट्रू करावी लागते, आणि मग मात्र मशीनवर लेटेक हवंच. उबुंटू-डेबियनवर टेक-लाइव्हचं लेटेक-एक्स्ट्रा, फॉन्ट्स-रेकमेंडेड, डीव्हीआय-पीएनजी आणि सीएम-सुपर एवढ्या चार पॅकेजेसवर बहुतेकांचं भागतं. टाइप-वन-ईसी नावाची फाइल सापडत नाही असा एरर आला तर सीएम-सुपर राहिलंय समजा. माझं विचाराल तर लेबलवर दोन-चार ग्रीक अक्षरंच असतील तर यूजटेकच्या नादी लागू नका, ग्राफ स्लो होतो आणि प्रत्येक नव्या मशीनवर तीच रड. अक्षरं पेपरसारखी दिसायला हवी असतील तर मॅथटेक्स्टचा फॉन्टसेट सीएम किंवा स्टिक्स करा, ते फॉन्ट मॅटप्लॉटलिबसोबतच येतात.

उरला फॉन्ट. टर्मिनलमध्ये येणारी वॉर्निंग नीट वाचा, ग्लिफ (म्हणजे फॉन्टमधलं अक्षराचं चित्र) ८७२२ मिसिंग असं काहीतरी असतं. हा आकडा दशमान आहे, हेक्समध्ये तो २२१२, म्हणजे युनिकोडचं वजा चिन्ह. एफसी-लिस्ट कमांडला कोलन, चारसेट, बरोबरचं चिन्ह आणि २२१२ असं दिलं की ते चिन्ह असलेल्या फॉन्टची यादी मिळते. तुमचा फॉन्ट त्यात नसेल तर दुसरा निवडा, किंवा अक्षावरच्या नुसत्या वजाचाच त्रास असेल तर अॅक्सेस डॉट युनिकोड-मायनस फॉल्स करून टाका. नवा फॉन्ट टाकूनही मॅटप्लॉटलिबला दिसत नसेल तर होम फोल्डरच्या डॉट-कॅशमधलं मॅटप्लॉटलिब फोल्डर उडवा, जुनी फॉन्ट-यादी तिथे साठवलेली असते.

ग्नूप्लॉट या दुसऱ्या ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रामची तऱ्हा वेगळी. जुन्या स्क्रिप्टमध्ये सिम्बॉल फॉन्ट लावून क्यू लिहायचा आणि थीटा मिळवायचा अशी पद्धत असते, पण लिनक्सवर तो सिम्बॉल खरोखर असेलच असं नाही, म्हणून काही टर्मिनलवर (ग्नूप्लॉटमध्ये आउटपुटच्या प्रकाराला टर्मिनल म्हणतात) थीटाऐवजी सरळ क्यू दिसतो. एफसी-मॅच सिम्बॉल करून बघा, त्याच्या जागी कोण आलंय ते कळेल. शिवाय २०१९ मध्ये पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीच्या १.४४ व्हर्जनने टाइप-वन या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा सपोर्टच काढला, त्यामुळे जुना फॉन्ट डिस्कवर असूनही पँगो वापरणाऱ्या प्रोग्रामला उपयोगाचा नाही. सरळ मार्ग म्हणजे सेट एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, चिन्ह थेट टाइप करा आणि आउटपुट पीएनजी-कैरो किंवा पीडीएफ-कैरोने काढा. आणि फाइलच्या नावातल्या अंडरस्कोरमुळे पुढचं अक्षर खाली उतरत असेल तर तो फॉन्टचा दोष नाही, टायटलला नो-एन्हान्स्ड लावा.

लेबलवर गणितासोबत मराठीही हवी असेल तर अजून एक अडचण. मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा डेजाव्हू सान्स देवनागरी जाणत नाही, आणि नोटो सान्स देवनागरी लावला तरी बहुतेक व्हर्जनमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'किंमत'मधली ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी न येता नंतर जाऊन बसते. तिथे मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड (ग्राफ लेटेककडून काढून घेणारा) घ्या, टेक-सिस्टिम लुआलेटेक किंवा झीलेटेक ठेवा, प्रीअॅम्बलमध्ये (लेटेकच्या सुरुवातीच्या सेटिंग्जमध्ये) फॉन्टस्पेक या लेटेक पॅकेजने नोटो सान्स देवनागरी द्या आणि त्याला स्क्रिप्ट देवनागरी आहे हेही सांगा. पीडीएफ लगेच निघते, पीएनजी हवी असेल तर पीडीएफ-टू-कैरो किंवा घोस्टस्क्रिप्ट लागतं, पीडीएफ-टू-कैरो पॉपलर-युटिल्स पॅकेजमध्ये मिळतं.