मोठ्या माशाची टाकी : मासा घरी आणण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एक जुनं वर्तमानपत्र घ्या. दुकानात जो मासा मनात भरलाय तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते शोधून काढा, आणि तेवढा मासा कागदातून कापा. सिल्व्हर अरोवाना असेल तर अडीच फूट. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तो ३ फुटांच्या आसपासही जातो, पण घरच्या टाकीसाठी अडीच धरून चाला. ऑस्कर असेल तर एक फूट. मग जिथे टाकी ठेवायची त्या फरशीवर खडूने टाकीचा तळ आखा आणि कागदी मासा त्या चौकोनात ठेवून फिरवून बघा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद चौकोनात अडीच फुटांचा कागद दुमडल्याशिवाय वळत नाही. घरात मुलं असतील तर हे त्यांच्याच हातून करून घ्या. मग मासा आणण्याचा हट्ट कमी होतो आणि टाकीचं बोलणं सुरू होतं.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण मी ते केलं नव्हतं. पाच इंचांचा अरोवाना आणून मी त्याला अशाच ४ फुटी टाकीत सोडलं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, मासा टाकीएवढाच वाढतो. सव्वा वर्षात तो वीस इंचांचा झाला आणि टाकीची रुंदी होती अठरा इंच. काचेच्या टोकाला आला की तो थांबायचा, अंग धनुष्यासारखं वाकवायचा, शेपटी मागच्या काचेला घासायची, मग तोंड फिरायचं. दर वळणाला हेच, दिवसातून शेकडो वेळा. हनुवटीवरच्या दोन मिशांपैकी एक काचेला घासून घासून बोथट झाली आणि जिथे अंग वाकायचं तिथले दोन खवले गेले. शेवटी एका ओळखीच्यांच्या शेतावर सिमेंटचा मोठा हौद होता, तिथे त्याला नेऊन सोडलं. पहिल्या दिवशी तो एका दिशेने सरळ पोहत गेला, ते मला अजून दिसतं.

मासा टाकीएवढाच वाढतो, हे खरं नाही. लहान टाकीत पाणी लवकर घाण होतं, माशाच्या घाणीतून तयार होणारं नायट्रेट साठतं, हालचाल होत नाही, आणि त्यामुळे वाढ खुंटते. मणका वाकडा होतो, आयुष्य घटतं. तो मासा त्या टाकीत मावला असं म्हणायचं नसतं, तो आजारी असतो.

मापाचा माझा हिशोब असा. टाकीची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या निदान तिप्पट, चौपट मिळाली तर उत्तम. रुंदी माशाच्या लांबीपेक्षा कमी नको, कारण वळणं रुंदीवर अवलंबून असतं. उंची सगळ्यात शेवटी. हॉलमध्ये उंच टाकी छान दिसते म्हणून दुकानात उंच आणि अरुंद टाक्याच जास्त दिसतात, पण उंचीने काचेवरचा दाब वाढतो, काच जाड घ्यावी लागते आणि अरोवानासारख्या पृष्ठभागालगत फिरणाऱ्या माशाला त्याचा काही उपयोग नसतो. तेवढेच पैसे रुंदीत घाला. या हिशोबाने एका ऑस्करला ४ × २ × २ फुटांची टाकी चांगली होते, फ्लॉवरहॉर्नलाही तीच. अरोवानाला ८ × ३ × २. लीटर काढायचे तर फुटांचा गुणाकार करून २८.३ने गुणा: ऑस्करच्या टाकीत साडेचारशे लीटर, अरोवानाच्या टाकीत सुमारे १३६० लीटर.

आता यादीतून काही मासे इथेच खोडून टाका. दुकानात ‘शार्क’ म्हणून तीन इंचांचे रुपेरी, काळसर पट्ट्यांचे चपळ मासे मिळतात, ते म्हणजे मेकाँग नदीतला पंगास. बाजारात बासा म्हणून फिले मिळते ते बहुतेक याचंच. हा मासा १ मीटरच्या पुढे जातो, कळपात राहतो, घाबरला की सुसाट जाऊन काचेवर आपटतो. रेड टेल कॅटफिश चार फुटांचा होतो आणि तोंडात मावेल ते सगळं गिळतो. ॲलिगेटर गार तर ८ फुटांपर्यंत जातो. या तिघांना पुरेल अशी टाकी फ्लॅटमध्ये होत नाही, बंगल्यातही क्वचितच होते. काच साफ करायला म्हणून घेतलेला सकर मासा दीड फुटाचा होतो हेही बहुतेकांना घेताना कोणी सांगत नाही. एशियन अरोवाना हवा असेल तर वेगळी तयारी लागते: तो सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कायदेशीर खरेदीचे कागद हातात असल्याशिवाय आणि केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी केल्याशिवाय तो घरात ठेवू नका.

माप ठरलं की वजन. १ लीटर पाणी म्हणजे १ किलो. ८ × ३ × २ च्या टाकीत पाणीच सव्वा टनाच्या वर, त्यात १२ एमएम काचेचे पावणेदोनशे-दोनशे किलो आणि लोखंडी स्टँड. एकूण दीड टनाच्या पुढे. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून डिझाइन करतात, आणि ही टाकी तिच्या पायाखालच्या जागेवर सातशे किलोच्या आसपास टाकते. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, कारण बाकीची खोली रिकामी असते आणि भार वाटला जातो, पण हा अंदाज आपण करायचा नाही. इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बीम कुठून जातो, कॉलम कुठे आहेत, हे बघून तो भिंत ठरवून देईल. तळमजला असेल तर सगळं सोपं होतं. बाल्कनीत मोठी टाकी कधीच नको, आणि लाकडी तक्तपोशीच्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत तर विषयच काढू नका. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी विचारा. दीड टनाची वस्तू उचलून दुसऱ्या घरी जाता येत नाही.

टाकी दारातून आत येते का, हे मोजा. जिन्याच्या वळणावर मोजा, लिफ्टमध्ये मोजा. आठ फुटी टाकी बहुतेक इमारतींत वर चढत नाही, म्हणून कारागीर काचा घरी आणून तिथेच जोडतात. सिलिकॉन पूर्ण वाळायला आठवडाभर द्या. व्हिनेगरसारखा वास येणं थांबेपर्यंत पाणी भरू नका. पंपासाठी भोकं पाडायची असतील तर आधीच पाडून घ्या, टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच नंतर कापता किंवा भोसकता येत नाही. स्टँड चौकोनी पाइपचा, आणि तो ठेवल्यावर पाणसळ लावून चारी बाजूंनी बघा. एक कोपरा जरी खाली असला तरी काचेवर पीळ येतो. टाकीखाली थर्मोकोलची शीट घाला. मग अर्धी टाकी भरा, रात्रभर थांबा, सांध्यांवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. मग पूर्ण भरा आणि तीन दिवस तशीच ठेवा.

पाण्याचा प्रश्न मात्र आपल्या शहरांत सगळ्यात अवघड, आणि त्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. अरोवानाच्या टाकीतलं आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हटलं तर ३४० लीटर होतं, म्हणजे २० लीटरच्या १७ बादल्या. तुमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतो का? लागत असेल तर एप्रिल-मे महिन्यांत हे पाणी कुठून येणार, याचं उत्तर आधी लिहून ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं आणि फिल्टरमधले जिवाणू मारतं, म्हणून अँटी-क्लोरीनची बाटली नेहमी घरात हवी. बोअरचं पाणी असेल तर त्याचा जडपणा तपासा. बादल्यांनी हे वर्षभर जमत नाही. बाथरूमपर्यंत पोहोचणारा पाइप आणि एक छोटा पंप टाकीबरोबरच विकत घ्या. काढलेलं पाणी झाडांना घाला, झाडं त्याने चांगली वाढतात.

मोठ्या माशाची घाणही मोठी, म्हणून टाकीवर टांगायचा फिल्टर इथे चालत नाही. खाली सम्प, म्हणजे फिल्टरसाठीची वेगळी टाकी करा, आणि ताशी पाणी पाच-सहा वेळा फिरेल असा पंप घ्या. अरोवानाच्या टाकीला ताशी सात-आठ हजार लीटरचा. पंपावर छापलेला आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, स्टँडची उंची चढताना तो बराच कमी होतो, म्हणून एक माप मोठाच घ्या. ८० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला ५८ युनिटच्या आसपास वीज जाते, ती बिलात धरा. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टरवर निदान एअर पंप जोडून ठेवा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लीटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. विदर्भात मे महिन्यात दुपारी वीज गेली तर मोठ्या माशाला तास-दोन तासही जड जातात.

फिल्टर सुरू झाला म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला ४ ते ६ आठवडे घेतात. ओळखीच्या कोणाच्या चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा वेळ कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्या, दोन्ही आधी चढून परत शून्यावर आल्याशिवाय मासा नको. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

पुष्कळ जण विचारतात, आत्ता लहान टाकी घेऊ आणि मासा वाढला की मोठी करू, चालेल का? माझं उत्तर नाही असंच असतं. अरोवाना पहिल्या वर्षात दीड फुटाच्या आसपास पोहोचतो आणि मोठी टाकी त्या वर्षात होत नाही. लग्न निघतं, शाळेची फी येते, घराचं काम निघतं. मोठी टाकी पैशांत किंवा जागेत बसत नसेल तर त्या जागेत बसणारा मासा निवडा. ३ फुटांच्या टाकीत पर्ल गुरामींची जोडी आणि टेट्रांचा थवा मोकळेपणाने राहतो, आणि तो बघत बसायला मला अरोवानाइतकंच आवडतं.

घरातल्यांशी एकदा नीट बोला. ऑस्कर दहा वर्षांच्या पुढे जगतो, अरोवाना दहा-पंधरा वर्षं. गावी गेलात तर बघणार कोण, त्याचं नाव ठरवा. नाही जमलं तर मासा कोणाकडे जाईल, हेही आत्ताच ठरवा, कारण तळ्यात किंवा नदीत सोडणं हा पर्याय नाही. सोडलेले सकर मासे आज देशातल्या कितीतरी जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात, आणि २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला.

झाकण शेवटी सांगतोय, पण ते मासा येण्याआधी बसलेलं हवं. अरोवाना त्याच्या मूळ ठिकाणी पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवरचे किडे उडी मारून टिपतो, आणि घरातही तशीच उडी मारतो, बहुतेक वेळा रात्री. पाइपसाठी ठेवलेल्या खाचेतूनही तो बाहेर पडू शकतो, ती जाळीने बंद करा. झाकणाला कडी लावा किंवा वर वजन ठेवा, पाण्याची पातळी काठापासून चार बोटं खाली. मासा आणाल त्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवा, पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत राहा, आणि त्याला सोडल्यावर झोपायला जाण्याआधी कडी एकदा हाताने ओढून बघा.