‘सांग ना, मी काय करू?’ यावर उपाय

माझा नवरा स्वतःला स्त्रीवादी म्हणवतो आणि ते खोटं नाही. सांगितलेलं प्रत्येक काम करतो. पण सांगायचं मी! लग्नाच्या सहाव्या वर्षी त्याने उत्साहाने विचारलं, "सांग ना, मी काय करू?" आणि मला रडूच फुटलं.

तुमचंही असंच होत असेल तर आधी आठवडाभर मोबाईलवर नोंदी करा. कामांच्या नाहीत, लक्षात ठेवलेल्या गोष्टींच्या. माझ्या यादीत होतं: लेकीचे बूट तोकडे झालेत, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या शुक्रवारी संपतील, साबणाची पावडर तळाला गेलीय. त्यालाही यादी करायला लावली. माझ्या सदतीस नोंदी झाल्या, त्याच्या चार. त्यावर भांडावं लागलंच नाही.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली पस्तीस जोडप्यांच्या मुलाखतींवरून या डोक्यातल्या कामाचे चार भाग मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, झालं का ते पाहणं. निर्णय बरेचदा दोघं मिळून घेतात. पहिलं आणि शेवटचं मात्र बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं. म्हणून वाटणी करताना चारही भाग एकत्र द्या. "कपडे वाळत घाल" असं नाही, तर कपडे हे खातंच त्याचं. पावडर संपत आली हे दिसण्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत.

आता अवघड भाग, आणि तो आपला आहे. गप्प बसायचं. पहिल्याच आठवड्यात ओले कपडे रात्रभर मशीनमध्ये राहिले. सकाळी झाकण उघडलं तर कुबट भपकारा. हात शिवशिवत होते, पण झाकण लावलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी त्याने सगळं पुन्हा धुतलं आणि फोनवर गजर लावला. मी आठवण केली असती तर तो गजर मीच झाले असते.

‘मदत’ हा शब्द दोघांनीही सोडा. आणि हे बोलणं भांडणाच्या भरात काढू नका. (समोरचा आवाज चढवून गप्प करत असेल तर प्रश्न वाटणीचा नाही, याद्या करत बसू नका.)

परवा दुकानातून त्याचा मेसेज आला, "तिच्या बुटांचं माप काय?" मी उत्तर दिलं नाही. तो रिकाम्या हाताने घरी आला, पट्टी शोधली आणि लेकीला म्हणाला, "पाय दाखव बघू."