आडनावातला 'दा' सांभाळा
कॉन्फरन्सला पेपर पाठवताय तर आधी त्यांचाच टेम्प्लेट उतरवा, जुनी फाईल घेऊन मार्जिन ओढत बसू नका. संदर्भ द्यायची आयट्रिपलई (IEEE) स्टाईल असेल तर चौकोनी कंसात संदर्भाचा नंबर, मजकुरात येतील त्या क्रमाने, तोच सोर्स परत आला तर जुनाच नंबर. एपीए (APA) या दुसऱ्या स्टाईलीत लेखकाचं आडनाव नि वर्ष. हे झोटेरो नावाचं संदर्भ लावणारं सॉफ्टवेअर करतं हो, फुकट आहे, पण गोव्याच्या विषयावर लिहिताना खरी गोची पोर्तुगीज आडनावांची, 'दा' पहिल्या नावाच्या रकान्यात पडला की 'दा कुन्हा'चा नुसता 'कुन्हा' होतो आणि यादीत भलतीकडेच जातो, तेव्हा रकाने स्वतः तपासा. आणि पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जुनं पुस्तक बघताय तर टायटल पेज नि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो (विचारून) तिथंच काढा, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती बहुतेक तिथंच सापडते, डेडलाईनच्या रात्री पाटोला कोण धावणार!