पहिल्या केमोआधी थकव्याची तयारी

रक्ताच्या कॅन्सरचे उपचार ठरले की घर पैसे, रक्तदाते आणि रिपोर्टच्या मागे लागतं. लागायलाच हवं. थकव्याची तयारी मात्र राहून जाते, आणि पुढचे कित्येक महिने रोजची गाठ त्याच्याशीच असते. हा थकवा शेतात राबून आल्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही, नुसत्या आंघोळीनं माणूस गळून जातो. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये, हे सगळ्यात आधी ठरवून टाका.

मग एक वही आणा. सकाळ-संध्याकाळ ताप आणि थकवा लिहायचा, थकव्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. बऱ्याच केमोंमध्ये रक्तातल्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात खाली जातात. पण प्रत्येकाचं औषध वेगळं, शरीर वेगळं, म्हणून दोन फेऱ्यांनंतर तुमच्या माणसाचे पडते दिवस वहीतूनच कळतील. त्या दिवसांत बँकेची कामं, पाहुणे, लग्नकार्य काही ठेवू नका. ही वही प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर उघडा. ‘केमो आहे म्हणजे थकवा येणारच’ असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, न लागणारी झोप, दुखणं, उदासी, एखादं औषध, यांतल्या बऱ्याच कारणांवर उपाय असतो. विचारल्याशिवाय तो होत नाही.

घरात पलंग संडास-बाथरूमजवळ आणा, आंघोळीला स्टूल ठेवा, जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवा. कामं वाटून घ्या, पण रुग्णाला विचारून. दुधाचा हिशोब किंवा देवपूजा त्यांना स्वतःच करायची असेल तर ती काढून घेऊ नका. उरलेली ताकद कशावर खर्च करायची हे त्यांनी ठरवायचं.

आता चालणं. यावर मी अडून बसेन, कारण ‘पडून राहा, विश्रांती घ्या’ हा सल्ला प्रत्येक भेटायला येणारा देतो. नुसतं पडून राहिलं की स्नायू झडतात आणि थकवा वाढतो. हलका, नियमित व्यायाम हा या थकव्यावरच्या सगळ्यात भरवशाच्या उपायांपैकी एक आहे. डॉक्टरांना विचारून गॅलरीत पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा. पेशी बऱ्या असतील तेव्हा आमराईत जा, उन्हाळ्यात मात्र ऊन चढायच्या आत परत या. ताप, चक्कर, धाप असेल त्या दिवशी नाही. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) खूप कमी असतील तर किती चालायचं, काय उचलायचं नाही, हे आधी विचारून घ्या.

स्टेरॉइड असेल तर ते सकाळी खाऊन घेता येईल का, विचारा. रात्री झोप उडते. ते बंद झाल्यावर एक-दोन दिवस माणूस एकदम खचतो, तेही वहीत आधीच लिहून ठेवा. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत.

खाणं थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी: मुगाची खिचडी, घट्ट वरण, पूर्ण उकडलेलं अंडं. उसाचा रस आणि गाड्यावरची भेळ पेशी वर येईपर्यंत बंद. हळदीच्या या सांगलीत हळदीच्या गोळ्या सुचवणारे खूप भेटतील. स्वयंपाकातली हळद चालू द्या. गोळ्या, काढे, पपईच्या पानांचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लोहाच्या गोळ्याही तशाच. चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह शरीरात जातं आणि ते साठत राहतं.

थर्मामीटर उशाशी हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला, तर रात्र असो वा पहाट, आधी हॉस्पिटलला फोन. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्यासाठी मिरजेपर्यंत रात्री नेणाऱ्या गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. फाइल, आधार कार्ड, रेशन कार्ड एकाच पिशवीत. घर कृष्णेच्या काठचं असेल तर पावसाळ्यात ती पिशवी प्लास्टिकमध्ये बांधा आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की रुग्णाला नातेवाइकांकडे हलवा. ४५ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबू नका. जिने चढायचं त्राण नसलेल्या माणसाला ऐन पुरात हलवणं फार अवघड जातं.

शेवटची केमो झाली की सगळे म्हणतात, ‘आता बरे झालात.’ थकवा पुढे कित्येक महिने, काहींना वर्षाहून जास्त राहतो; कॅन्सरची रोजची गोळी चालू असणाऱ्यांना तर गोळीसोबतच. त्यामुळे साहेबांशी अर्ध्या वेळेचं आताच बोला, दुकान असेल तर सकाळचे दोन तासच बसा. वहीही बंद करू नका. उतरत आलेला थकवा कारण नसताना पुन्हा चढू लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्या.